सारवलेली खोली

वृषालीला घरी आणायचं ठरलं तेव्हा मुंबईच्या दवाखान्यानं आम्हाला दोन पानांचा कागद दिला. काय करायचं, काय करायचं नाही. मिरजगावच्या आमच्या घरात तो वाचणारी मी एकटी. वडील, म्हणजे आमचे दादा, एसटीत कंडक्टर, त्यांनाही वाचता येई, पण त्या कागदावर त्यांचे डोळे ठरत नसत. म्हणून मी वाचायची आणि आई ऐकायची, चुलीपुढं बसून, पदराचं टोक मुठीत धरून.

वृषालीच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, अंगात रक्त तयार व्हायचंच थांबलं होतं. माझ्या कमरेच्या हाडातला मगज काढून तिला दिला. तो रुजला, असं डॉक्टर म्हणाले. रुजला म्हणजे कोंब वर आला इतकंच. पीक अजून लांब होतं. वर्षभर तिला कसलाही जंतू सोसणार नव्हता.

कागदात लिहिलं होतं, पाणी उकळून द्या. दही, ताक, कच्चं काही नको. जवळ एकानंच जावं, हात साबणानं धुऊन, तोंडाला फडकं बांधून. कुंडीतली झाडं खोलीत नकोत. मांजर, कुत्रं, पोपट नको. धूळ उडू देऊ नका.

पोपट आमच्याकडं नव्हता. गाय होती. आईनं त्याच दिवशी ती शेजारच्या रंगुआत्याच्या गोठ्यात नेऊन बांधली. आणि धुळीसाठी तिनं मागची मातीची खोली सारवायला घेतली.

वृषाली आली. जवळ जायचा मान माझा, कारण दवाखान्यात दोन महिने मी तेच शिकले होते. आईनं उंबऱ्याबाहेरून बघायचं. पोरीच्या डोक्यावर केस नव्हते, पापण्यासुद्धा विरळ झालेल्या. आईचा हात एकदा उंबऱ्याच्या आत गेला आणि परत आला. त्या दिवसापासून तो हात भुईवरून फिरू लागला.

रोज सकाळी मी वृषालीला तोंड बांधून पडवीत बसवायची. आई रंगुआत्याकडून ताज्या शेणाची बादली आणायची आणि खोली सारवायची. गुडघ्यावर मागं सरकत, हाताच्या अर्ध्या चंद्रामागं अर्धा चंद्र काढत. ओठांत तिचं स्वतःचं काहीतरी चालायचं.

सारवीते भुई बाई, हात फिरे चंद्रावानी
माझ्या लेकीचं दुखनं, उडू दे गं भुशावानी

रंगुआत्या दारातून चेष्टा करायची. पोरगी आणलीय का राणी, माणसाला दर्शन नाही. आई तिला म्हणायची, तुझी सावली बी नको, तू फक्त शेन दे. आत्या हसायची, जाताना डोळे पुसायची.

वृषालीच्या तोंडाला चव नव्हती. भात, वरण, उकडलेला बटाटा, सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायची. पण वाळत आलेल्या सारवणाचा वास तिला यायचा. घरी आल्यासारखं आता वाटतंय, ताई, असं ती म्हणाली, तेव्हा मी ते बाहेर येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनं भिंतीही हात पुरेल तिथवर सारवल्या.

अठराव्या दिवशी ताप आला. आधी शंभर, तासाभरानं एकशे एक. कोरडा खोकला, आणि श्वास घेताना बरगडीत टोचत होतं. दादा जीप बघायला गेले. मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर पळाले.

बराच वेळ फोन लागेना. लागला तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टर बाईंनी एकेक विचारलं. घरात बांधकाम? नाही. जुनं धान्य, कडबा? नाही. जनावरं? नाही हो, गाय सुद्धा हलवली. मी अभिमानानंच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, खोली मातीची आहे का? मी म्हणाले, हो, पण रोज सारवतो ना. कशानं, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

मग त्या हळू बोलल्या. शेणात बुरशी असते. आपल्याला काही होत नाही, हिच्या छातीत ती धरू शकते. त्यामुळंच असेल असं आत्ता सांगता येत नाही. पण तिला त्या खोलीतून बाहेर काढा आणि लगेच निघा.

बूथवाला बिल सांगत होता. मला फक्त त्याचे ओठ दिसत होते. कागद मी वाचला होता. रोज ती बादली माझ्यासमोरून जात होती. घाण म्हणून तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. शेणानं घाण जाते, एवढंच आमच्या घरात ठाऊक.

घरी आले तर वृषाली पडवीत भिंतीला टेकलेली, डोळे मिटून. आणि आत आई सारवत होती. ताप आला म्हणून दुसऱ्यांदा.

मी म्हणाले, "आई, ऊठ. ऱ्हाऊ दे."

"अर्धी भुई सोडू न्हाई गं. एवढा कोपरा ऱ्हायलाय."

"आई, बाई म्हनल्या, शेनानं बाधतं तिला. शेन नको हुतं."

तिचा हात भुईवर तसाच राहिला. ती एवढंच म्हणाली, "अठरा दिस?"

बाईंना नक्की माहीत नाही, असं मी सांगितलं. तेही खरंच होतं. पण ते शब्द तिच्यापर्यंत गेले नाहीत. ती उठली, न्हाणीत गेली, आणि हात धुऊ लागली. साबण लावला, राखेनं घासले, परत साबण. जीपचा हॉर्न वाजला तरी पाण्याचा आवाज थांबेना. दादांनी जाऊन तिला धरून आणलं.

मधल्या बाकावर मी वृषालीला मांडीवर घेतलं. तिचं अंग माझ्या लुगड्यातून भाजत होतं. माझाच मगज तिच्यात होता, आणि माझ्या हातात तिच्यासाठी एक ओला रुमाल. आई अगदी मागं, सामानाच्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन बसली.

मांदळी गाव मागं गेलं. वृषालीनं डोळे उघडले, ती मान वळवून मागं बघायला लागली.

"आई, एवढ्या लांब का बसलीस? ये की हितं."

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला हितं वारं लागतंय, बाळा," ती म्हणाली. "पुढं मळमळतं."

मागची काच तर बंद होती. वृषालीनं ती बघितली की नाही, कोण जाणे. तिनं परत डोळे मिटले, आणि मी तिचे श्वास मोजत राहिले.