परत घेतलेले चिंचोके

"सगळे!" असं म्हणत धनसिंगने पुढ्यातले उरलेसुरले चिंचोके ताडपत्रीच्या मधोमध लोटले आणि चेहरा असा केला, जणू हातात एक्क्यांची जोडी आहे. हातात होती चौकी आणि नव्वी, म्हणजे काहीच नव्हतं.

समोर बसलेला हितेंद्र, सिमेंटच्या दुकानाचा मालक, खदखदून हसला. "बघू तरी धनसिंगभाऊ! परत घेता येतात, मग भ्यायचं कशाला?" त्याने सत्त्यांची जोडी टाकली आणि चिंचोके ओढून घेतले. खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली नव्हती, तोच धनसिंग खलास.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरुषांनी पत्ते कुटायचे आणि बायकांनी झोक्यावर गाणी म्हणायची, हे खानदेशात कोणी कोणाला शिकवत नाही. पिंप्राळ्यातल्या या कॉलनीत मात्र हितेंद्रने गोव्याहून पोकर आणला होता. शंभर रुपये भरायचे, पन्नास चिंचोके घ्यायचे. पहिल्या तासात जो खलास होईल त्याने पुन्हा शंभर भरून पुन्हा पन्नास घ्यावेत, कितीही वेळा. तास संपल्याची शिट्टी वाजली की मात्र गेला तो गेला. पैसे आमरसाच्या जेवणाला आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला आंब्यांची पेटी.

कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्क वना आबांना हा नियम फार आवडे. पहिल्याच डावात हरलेला माणूस तोंड पाडून घरी जात नाही, असं त्यांचं म्हणणं. धनसिंगला त्याचा तिटकारा होता. हितेंद्रने आत्ताच चार वेळा चिंचोके घेतले होते आणि हातात काय आहे हे न बघता तो उधळत सुटला होता. अशा माणसाला धाक दाखवून उपयोग नाही, हे धनसिंगला कळायला हवं होतं.

तो चपला शोधू लागला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला हा माणूस बढतीच्या परीक्षेत एकदा नापास झाला, पुन्हा कधी बसला नाही, आणि त्यालाच ताठ कणा म्हणत आला.

"पप्पा, परत घ्या ना." झोक्यावरून उतरून सुलक्षणा मागे येऊन उभी होती.

"एकदाव गयं ते गयं," धनसिंग म्हणाला.

हेच शब्द त्याने तिला महिन्याभरापूर्वी ऐकवले होते. पोलीस भरतीत धावण्यात ती दोन गुणांनी राहिली. त्याने कॉलनीत कोणाला कळू दिलं नाही, आणि पिंपळनेरच्या स्थळाला आज संध्याकाळी होकार कळवायचं ठरवून टाकलं. नव्या भरतीचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता.

सुलक्षणाने ओढणीच्या गाठीतून शंभराची नोट काढून ताडपत्रीवर ठेवली. "हे माझे. बसा. तुम्ही जिंकलात तर मी परत धावणार. हरलात तर पिंपळनेरला फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही."

"अवं, बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात!" सगळ्यांच्या नजरा इकडे वळलेल्या पाहून आई, कमलबाई, पदर सावरत कुजबुजली.

"देखू दे," वना आबा म्हणाले. "पोर सांगी ऱ्हायनी ना, बस खाले धनसिंग."

धनसिंग बसला. हरायचं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पुन्हा एकदा सगळे लोटायचे, आणि संध्याकाळी होकाराचा फोन करायला मोकळं. दोन डाव त्याने तोच विचार केला. तिसऱ्या डावात हातात राण्यांची जोडी आली आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरलाय. त्याला जिंकायचं होतं. पोरीसाठीच जिंकायचं होतं, अगदी जिवापाड.

मग तो थांबत खेळला. हितेंद्र उधळत राहिला, आणखी दोनदा पैसे भरले, आणि पत्त्यांनी साथ दिली तेव्हा पुढ्यात भलामोठा ढीग करून बसला. शिट्टी वाजली. एकेक जण उठत गेला. उन्हं कलली तेव्हा ताडपत्रीवर दोघंच उरले होते, ढीग जवळपास सारखे.

धनसिंगच्या हातात छक्की आणि तिर्री आली. मधले पत्ते उघडले, एकही कामाचा नाही. त्याने पोरीकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी ढीग पुढे सारला.

"सगळे."

हितेंद्र हसला नाही. त्याने आपले पत्ते पाहिले, पुन्हा पाहिले. कपाळ पुसलं. आता परत घ्यायची सोय नव्हती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याला आपल्या चिंचोक्यांची काळजी वाटत होती. "नाही भाऊ, तुमच्याकडे एक्के आहेत," म्हणत त्याने राजांची जोडी उलटी टाकून दिली.

धनसिंगने छक्की-तिर्री दाखवली तेव्हा वना आबा मांड्या थोपटत हसले. हितेंद्रने त्यानंतर चिडून पुन्हा उधळायला सुरुवात केली. पुढच्या चार डावांत तो संपला. बायका झोके सोडून धावत आल्या, कमलबाईने भर लोकांत नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. सुलक्षणा रडत होती आणि हसतही होती.

"रडस कसाले?" धनसिंग म्हणाला. "जाय, फॉर्म भर पहिले." आणि पिंपळनेरला त्याने स्वतः फोन करून नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने सुलक्षणा धावत होती आणि तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. फिरायला आलेला एक अनोळखी म्हातारा थांबला.

"कोन शे भो ती? जोरात पयी ऱ्हायनी."

"मनी पोर," धनसिंग मोठ्याने म्हणाला. "मागल्या भरतीम्हा नापास व्हयनी. आते परत उतरनी."