टुरिडचे बरे महिने

हेरिंग माशांच्या बरणीचं झाकण पहिल्याच पिळात निघालं आणि टुरिडनं बरणी खाली ठेवली.

"अगं, उघडलीस की!" शेटिल तोंडातला पाव तसाच ठेवून म्हणाला. "बरी झालीस म्हणायची!"

"बरी नाही झाले," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "दिवस गेलेत मला."

क्रिस्तियानसुंडच्या मासळी-कारखान्यात बारा वर्षं सुरी चालवलेले तिचे हात. थोरलीच्या जन्मानंतर बोटं सुजून आखडली. कारखान्याचे डॉक्टर आधी म्हणाले, गार पाण्यानं होतं. मग म्हणाले, मनाचं आहे. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तसं दुखणं कुठल्या कुठे पळालं, आणि बाळ तीन महिन्यांचं होताच दुप्पट जोरानं परतलं. संधिवात हे नाव तेव्हा कुठे मिळालं.

या तिसऱ्या खेपेला मोठ्या इस्पितळातल्या प्रोफेसरांनी तिला विद्यार्थ्यांपुढे बसवलं. तिचं मनगट धरून त्यांनी हात सर्वांना दिसेल असा वर केला.

"गर्भारपणात संप्रेरकं वाढतात. पोटातलं बाळ निम्मं परकं. त्याला सांभाळून घ्यायला शरीराचं सैन्य जरा नमतं घेतं. एरवी हेच सैन्य बाईंचेच सांधे कुरतडत असतं. तेव्हा मंडळी, या रोगावर नामी औषध कोणतं? हौशी नवरा!"

खसखस पिकली. बारा वर्षं माशांची आतडी उपसताना टुरिडला कधी किळस आली नव्हती. मनगटावरच्या त्या गुलाबी, स्वच्छ नखांची आली.

एक मुलगी हसली नव्हती. तिनं विचारलं, "आणि बाळंतपणानंतर?"

"मग काय, पुन्हा!"

पुन्हा हशा. टुरिडनं हात सोडवून घेतला.

"मी सांगते पोरी तुला. बाळंतपणानंतर ती संप्रेरकं उतरतात आणि सैन्य परत उठतं. बाळ रडतं, आणि उचलायला हात नसतात. धाकट्याला मी कोपरांनी आणि दातांनी उचललाय. दुपटं दातांत धरून, कुत्री पिल्लू उचलते तसा. हे लिहून घे."

मुलीनं मान खाली घालून लिहिलं.

रविवारी शेटिलचा भाऊ कॉफीला आला, तर शेटिल त्याला मांडी थोपटत सांगत होता, "ऐकलंस का, मी म्हणजे औषध! प्रोफेसरच म्हणाला!" दोघांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. टुरिडनं शेटिलच्या पुढ्यातला कप उचलून मोरीत ओतला.

"आजपासून वरच्या खोलीत झोपायचं."

"अगं, गंमत केली..."

"तुमच्या गमतीला माझं पोट लागतं."

मग उरलेले महिने ती विणत सुटली. एक स्वेटर बाळाच्या सहाव्या महिन्यासाठी, दुसरा दोन वर्षांसाठी, तिसरा चार वर्षांसाठी. हातांत बळ आहे तोवर उरकायचं होतं. मुलगी मार्चात झाली. जूनमध्ये एका सकाळी बोटं मिटलेलीच उठली. सातव्या वर्षासाठीचा स्वेटर डाव्या बाहीच्या कोपरापर्यंत आला होता.

"आण इकडे, मी पुरा करते," सासूबाई म्हणाल्या. शेटिलच्या त्या गमतीवर त्या कधी हसल्या नव्हत्या.

"नको आई. राहू दे तसाच. हात कुठे थांबले ते दिसू दे."

तिनं तो सुयांसकट घडी करून कपाटाच्या खणात ठेवला, आणि कोपरानं खण आत लोटला.