पायाळू साळुबाईची पाठ

पेठच्या साळुबाईच्या लाथेला जेवढा मान होता, तेवढा तिच्या नवऱ्याच्या शब्दाला हयातभर मिळाला नाही. साळुबाई पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय आणि मागून डोकं अशी जगात आलेली. अशा माणसानं डाव्या पायानं पाठीत लाथ मारली की उसण जाते, ही या मुलखातली जुनी समजूत. पायाळूला जमिनीतलं गुप्तधनही दिसतं म्हणतात. साळुबाईला सत्तर वर्षांत स्वतःच्या घरात पडलेली सुई कधी दिसली नव्हती, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

रविवारी सकाळी तिच्या ओट्याशी वाकडी झालेली माणसं उभी असत. कुणी आळ्याहून, कुणी डिंभ्याहून. डिंभ्याची एसटी कधी यायची, कधी नाही, त्यामुळे तिकडची उसण पेठला पोचेपर्यंत निम्मी आपोआप उतरलेली असे. उंबऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, साळुबाईनं मागून तीन हलक्या लाथा मारायच्या आणि मागं न बघता निघून जायचं. गुण आला तरी कुठं बोलायचं नाही, बोललं की गुण जातो. बोलायचं काम साळुबाईनं स्वतःकडे ठेवलं होतं. लाथ मारताना ती जात बघत नसे. पाणी देताना बघायची. तो काळच तसा होता, असं ती आता म्हणते. काळाचं नाव घेतलं की माणूस सुटतो.

अशा बाईची पाठ यंदा गेली. आधी कळशी उचलताना चमक भरली, मग कळ मांडीतून पोटरीत उतरली, आणि एके दिवशी ती देवळातून परत आली तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. ती वाटेत कुठंतरी गळून पडली होती, आणि हे तिला सुनेनं, प्रतिभानं सांगितल्यावर कळलं.

मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती.

"आजी, डावा अंगठा वर करा," डॉक्टर म्हणाले.

साळुबाईनं केला. अंगठा जागचा हलला नाही.

"लवकर ऑपरेशन केलं तर पाय परत येईल. उशीर केलात तर असाच लोंबत राहील."

पहिली तारीख तिनं अमावास्या म्हणून मोडली. दुसरी बटाटा निघायचाय म्हणून. बटाटा तिच्यावाचून अडला होता असं नाही, गेली चार वर्षं ती वावर बांधावरूनच बघत होती. तिसरी तारीख सोमवारची मिळाली, आणि डॉक्टरांनी तिचा मुलगा सोपान याला बजावलं, की यापुढं पायाची हमी मी देणार नाही.

"मला काय भ्याव?" साळुबाई येईल त्याला सांगत होती. आणि तासातासाला गोधडी बाजूला सारून अंगठ्याला म्हणत होती, "हल की रं." आयुष्यभर ज्या पायाच्या जिवावर मिरवली, तो पाय आता ऐकत नव्हता. त्यात प्रतिभा बोलून गेली, की मणक्याच्या ऑपरेशनला माणसाला पालथं झोपवतात.

"आले ती उलटी," साळुबाई म्हणाली, "आता जायचं बी उलटंच का?"

शनिवारपासून माणसं बघायला येऊ लागली. पेठला आजाऱ्याला भेटायला जाताना एक बिस्किटाचा पुडा न्यायचा आणि एक वाईट गोष्ट न्यायची, अशी रीत आहे. शेजारच्या सखूबाईनं दोन्ही आणलं.

"घोडेगावच्या एका बाईचं केलं बघा पाठीचं," पुडा उशाशी ठेवत ती म्हणाली. "आपरेशन लई झ्याक झालं. डाक्टर खूश. बाई काय पुन्हा उठली न्हाई."

साळुबाईनं पुडा लांब सारला. मग तिला आठवलं, ही गोष्ट आपलीच. वीस वर्षांपूर्वी तिनंच ती ओट्यावर सांगायला काढली होती. तेव्हा त्यातली बाई तीन महिन्यांनी उठली होती. गावात फिरून फिरून गोष्ट चांगली धष्टपुष्ट झाली होती आणि आता मालकिणीला चावायला घरी आली होती.

संध्याकाळी सावळेराम आला. चार वर्षांपूर्वी त्यालाही ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तेव्हा साळुबाईनं त्याला वस्तीवरच्या द्रौपदाचा दाखला दिला होता, "दुमडली व्हती पार. तीन लाथांत सरळ केली." सावळेरामनं तारीख सोडली आणि सलग अकरा रविवार लाथा खाल्ल्या. आता तो काठीवर चालत होता.

"वैनी, तुमच्या पायाचा गुण," तो पुडा पुढं करत म्हणाला. "काठीवर का व्हईना, चालतोय. आपरेशन केलं असतं तर खाटंवर असतो."

साळुबाई त्याच्या पायाकडे बघत होती. चप्पल गळू नये म्हणून त्यानं ती टाचेमागून सुतळीनं बांधली होती. अगदी तशीच सुतळी प्रतिभानं सकाळीच तिच्या चपलेला बांधली होती.

तो गेल्यावर तिनं सोपानला हाक मारली. "सोमवार राहू दे. मला आधी एक पायाळू शोध."

"पायाळू आता मिळत न्हाईत, आई. पोटात बाळ उलटं दिसलं की सिझर करत्यात."

"तुमीच शेवटच्या," प्रतिभा आतून म्हणाली. तिच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

रविवारी दुपारी द्रौपदा आली. तिनं साळुबाईच्या वावरात तीस वर्षं खुरपणी केली होती. तिची लेक यशोधरा पुण्यात नर्स होती. सत्तरीतही द्रौपदाची पाठ उसासारखी ताठ, आणि त्या पाठीचं श्रेय साळुबाईनं दोन तालुक्यांत वाटलं होतं.

"बिस्कुट आनलं न्हाई," द्रौपदा खाली बसत म्हणाली. "गोष्ट बी आनली न्हाई. सोमवारचं मोडलं म्हनं?"

"मोडलं न्हाई. बघू म्हनलं."

"काय बघायचं राहिलंय?"

"तुझं बरं व्हतं. तुला मी व्हते. मला कोन हाय लाथ मारायला?"

द्रौपदा उठली. तिनं दार लोटलं, पाठ फिरवली आणि कमरेवरची पातळाची कड दोन बोटं खाली सारली. मणक्यावर चार बोटं लांब, पांढरट वण होता.

"आठ वर्षं झाली. लेकीच्या बाळंतपनाला गेले तवाच करून घेतलं. आल्यावर कांद्याच्या लागणीत तुमाला सांगितलं व्हतं."

"मला न्हाई आठवत."

कुणाच्या लग्नात कोण काय नेसलं होतं, कुणाच्या पंगतीत कुणाला वाढायचं राहिलं होतं, हे साळुबाई साठ वर्षांमागचं घडाघडा सांगायची. एवढीच एक गोष्ट तिच्या डोक्यात टिकली नव्हती.

"मी सांगते," द्रौपदा म्हणाली. "आपरेशन निमित्ताला, गुण माझ्या पायाचा, असं तुमी म्हनलात. आन् कुनाला बोलू नको, गुण जातो, असं बी म्हनलात. तुमच्यात कामाला व्हते, न्हाई बोलले. तुमी मातर सावळेरामला बोललात."

साळुबाईनं गोधडीचा टाका उसवायला घेतला. टाका सुटल्यावर विचारलं, "तुला भ्या वाटलं व्हतं?"

"वाटलं व्हतं म्हंजे? यशोधराचा हात इतका आवळला, तिची बांगडी वाकली. लुगडं बी ओलं झालं. कुनाला सांगू नका."

"आन् पालथं झोपवत्यात?"

"झोपवत असतील. आपन कुठं असतो बघायला? धा पतुर मोजा म्हनले. मी तीनला गेले. उठले तर पाय ठिकान्यावर."

"आन् न्हाई उठले तर?"

"तर बिस्कुटं आमी खाऊ." द्रौपदा हसली नाही. "हे बघ, तुला पाय पायजे का मान पायजे, तेवढं ठरव."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' गेलं. साळुबाईच्या ते ध्यानात आलं, पण भांडायला अंगात जीव नव्हता. प्रतिभानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. द्रौपदा आधी प्याली आणि उरलेला तांब्या तिनं पुढं केला. साळुबाई तोंड लावून प्याली. भीतीला शिवाशीव परवडत नाही.

सोमवारी सकाळी सोपाननं गाडी दाराशी लावली. द्रौपदा आधीच मागं बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. साळुबाईला दोन्हीकडून धरून बाहेर आणलं, तर सावळेराम उंबऱ्याकडे पाठ काढून उभा.

"वैनी, जाता जाता तीन मारा. पुढचं कुनी बघितलंय?"

साळुबाईनं दाराची चौकट धरली. जे बोलायचं होतं ते ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, त्यामुळे ते फार मोठ्यानं निघालं.

"सावळेरामभाऊ, माझ्या लाथेत काय न्हाई. द्रौपदाचं आपरेशन झालंय. मला ठावं व्हतं. तुमाला खोटं सांगितलं."

सगळी गल्ली ऐकत होती. सखूबाई चुलीवरचा तवा सोडून आली होती. सावळेराम हळूच वळला. त्याच्या तोंडावर माया होती.

"भ्याल्यात," तो सोपानला समजावत म्हणाला. "भ्याल्यावर मानूस कायबी बोलतं."

"लई मनाला लावून घेतलंय," सखूबाईनं दुजोरा दिला.

साळुबाईनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षं खोटं बोलली तेव्हा गावानं शब्दाला शब्द विचारला नव्हता. आज पहिल्यांदा खरं बोलली, तर गाव तिची कीव करत होतं. सावळेरामनं पुन्हा पाठ फिरवली, मागं दोन्ही हात नेऊन तिचा लुळा डावा पाय उचलला आणि स्वतःच्या पाठीला टेकवला. तिला पाठ लागलेली कळलीसुद्धा नाही.

"लई बरं वाटलं," तो म्हणाला.

तेव्हा मात्र साळुबाईची जुनी अक्कल जागी झाली.

"असं न्हाई चालायचं," ती करड्या आवाजात म्हणाली. "ही लाथ लागू व्हनार न्हाई. पायाळूची पाठ मोडली की गुण दवाखान्यात जाऊन उतरवावा लागतो. आधी तिथल्या डाक्टरला पाठ दाखवायची, तो सांगंल ते सगळं करायचं, मंग मी लाथ मारनार. जुने फोटो असतील ते घे आन् बस गाडीत."

सावळेराम काठी टेकत जेवढ्या लगबगीनं घरी गेला, तेवढ्या लगबगीनं चार वर्षांत कुणी त्याला चालताना पाहिलं नव्हतं. पिशवी घेऊन आला आणि सोपानशेजारी बसला.

गाडी हमरस्त्याला लागली तशी साळुबाईनं द्रौपदाचा हात धरला, बांगडी वाकेल असा. द्रौपदानं बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

"वैनी," सावळेरामनं पुढून विचारलं, "लाथ तुमच्या आपरेशनाआधी का मागून?"

"मागून. पाय बरा झाल्याबिगर कशी मारू?"

"म्हंजे तुमाला उठावंच लागंल."

"व्हय," साळुबाई म्हणाली, आणि खिडकीतून मंचर येताना बघत तिनं मोजायला सुरुवात केली. तीनपर्यंत आली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.