केशरी ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे आणि एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कारखान्यातला. हवाई दलातल्या श्रीपादरावांनी मला विकत घेतलं आणि माझी भटकंती सुरू झाली. जोरहाट, जामनगर, तांबरम! बदलीचा हुकूम आला, सामानाचा ट्रक दारात लागला की माझ्या कड्या खुळखुळू लागत. "कितीही आपटा, हिला काही होत नाही," असं माझं कौतुक व्हायचं. त्यांची मुलगी अश्लेषा मात्र दर वेळी नव्या भिंतींकडे बघत बसायची.

गेल्या जुलैत ती कॉलेजसाठी चंदीगडच्या हॉस्टेलमध्ये आली. सोबत मी. आता चार वर्षं एकच खोली! तिला चैन पडेना. सगळं एकमेकांना शोभेल असंच हवं. पांढऱ्या चादरी, राखाडी पडदे, राखाडी उशा. रोज टेबल सरकवायची, लावलेली चित्रं काढून पुन्हा लावायची. माझा काळा रंग तिच्या डोळ्यांना खुपला. तिने मला चादरीखाली झाकून टाकलं. आत माझा जीव घुसमटत होता.

तिची रूममेट हरलीन पंजाबातल्या संगरूरची. आजीने रेशमाने भरलेली केशरी फुलकारी, म्हणजे पंजाबी भरतकामाची ओढणी, तिने आपल्या पलंगामागच्या भिंतीवर लावली होती.

"यार, ये मॅच नहीं होती," अश्लेषा म्हणाली.

हरलीनने फुलकारी उतरवून बॅगेत ठेवली. चौथ्या दिवशी ती खोली बदलून मिळण्यासाठी अर्ज लिहायला बसली.

"क्यों?" अश्लेषा चपापली.

"कमरा बहुत सुंदर है. बस, मेरा नहीं लगता."

हरलीन जेवायला गेली. अश्लेषा माझ्यावर बसून पत्र्यावर टाचा आपटत राहिली. मग तिने वडिलांना फोन लावून हरलीनच्या अर्जाचं सांगितलं.

"बाबा, प्रत्येक क्वार्टरमध्ये आपण दुसऱ्यांनी निवडलेल्या रंगांत राहिलो. मला एकदा तरी सगळं माझ्या मनासारखं हवं होतं."

"हवंच ना. आणि त्या मुलीला?"

अश्लेषाने फोन ठेवला आणि ती उठली.

हरलीन परतली तेव्हा अश्लेषा दारातच उभी होती. "फुलकारी कहाँ लगाएँ? तू बता."

हरलीनने बॅग उघडून फुलकारी बाहेर काढली. अर्ज वॉर्डनबाईंकडे गेलाच नाही. रविवारी दोघींनी फुलकारीतलेच रंग निवडून पडदे आणले आणि मला केशरी रंगवलं. खोलीतलं सगळं आता खरोखर एकमेकांना शोभतं. तरीही खाली ट्रकचा आवाज आला की माझ्या कड्या खुळखुळतात. त्याला माझा इलाज नाही!

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना झाकून ठेवू नका. दोन हात रंगाचे द्या, वापरात ठेवा. खोली हौसेने सजवा. पण भिंत दोघांची असेल, तर पहिला खिळा ठोकण्याआधी दुसऱ्याला विचारा.