बोटीचा वेग

माणगावच्या बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कल्पिता नऊ वर्षं शिकवत होती. तिची एक जाड वही होती. तारखा क्रमाने लावायच्या, नावातली जास्तीची जागा काढायची, यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा, अशा रोजच्या कामांचे चार-पाच ओळींचे कोड तिने त्यात लिहून ठेवले होते. मुलं त्यांना 'मॅडमचे तुकडे' म्हणायची आणि वहीचे फोटो काढून न्यायची.

जूनमध्ये प्राप्ती क्लासमध्ये शिकवायला आली. ती दिवेआगरची, चोवीस वर्षांची. तिने पहिल्याच आठवड्यात पडद्यावर गोल काढला, त्याला उडायला लावलं, भिंतीवर आपटून परत फिरवलं. सगळं मिळून अकरा ओळी. मग नारळ पडायला लागले आणि खालून टोपली सरकायला लागली. प्राप्ती हे तुकडे क्लासच्या ग्रुपवर टाकायची. कल्पिताच्या वहीचा फोटो पुढे कुणी मागितला नाही.

"ताई, तुमचं बघूनच शिकले मी. तुकड्यांची कल्पना तुमचीच," प्राप्ती एकदा म्हणाली.

कल्पिता हसली. घरी जाऊन भाजी चिरताना मात्र तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. माझी कल्पना, आणि गर्दी हिच्या टेबलाशी.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलावून मुलांचं काम दाखवायचं ठरलं. क्लासचे मालक बाळाजी सर म्हणाले, "प्राप्तीचा बोटीचा गेम शेवटी ठेवू. लोक लक्षात ठेवतील." त्यात मांडव्याहून निघालेली बोट खडक चुकवत गेटवेला न्यायची होती. कल्पिताच्या मुलांचं काम सुरुवातीला, लोक येऊन बसेपर्यंत.

रविवारी कल्पिताने ग्रुपवरून तो गेम घेतला आणि भावाच्या नव्या लॅपटॉपवर चालवला. बोट डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पलीकडे. तिने कोड उघडला आणि तिला लगेच कळलं. कॉम्प्युटर सेकंदात कितीतरी वेळा पडदा नव्याने रंगवतो, आणि दर वेळी बोट पाच ठिपके पुढे जायची; नवा लॅपटॉप भराभर रंगवत होता. क्लासची जुनी मशीनं पडदा सावकाश रंगवत, म्हणून तिथे ती नीट चालायची. दोनदा रंगवण्याच्या मध्ये किती वेळ गेला त्याने वेग गुणला, की झालं. एका ओळीचं काम. आणि कार्यक्रमासाठी सर नवाच लॅपटॉप आणणार होते.

तिने फोन हातात घेतला, प्राप्तीचं नाव काढलं, आणि फोन खाली ठेवला.

बुधवारी चाळीसेक पालक आले. प्राप्तीच्या वर्गातली सोनल गेम खेळायला उभी राहिली. बोट सुटली आणि खडकावर आपटली. परत सुटली, परत आपटली. मागे कुणी तरी म्हणालं, "ही बोट हाय का विमान?" लोक हसले. कल्पिताच्या छातीत काही तरी सैल झालं, आणि ते तिला आवडलं.

प्राप्ती तिच्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, काय झालं असेल हो?"

"बघावं लागेल," कल्पिता म्हणाली.

सोनलने माऊस खाली ठेवला. तिची आई पहिल्याच रांगेत बसली होती, ती हसत नव्हती. तिच्याकडे बघितल्यावर मात्र कल्पिताला बसवेना. ती उठून लॅपटॉपशी गेली आणि मिनिटभरात ओळ बदलली. बोट सावकाश निघाली. सोनलने ती गेटवेला लावली. टाळ्या वाजल्या. बाळाजी सर म्हणाले, "अनुभव तो अनुभव."

लोक गेल्यावर खुर्च्या उचलताना प्राप्तीने विचारलं, "इतक्या पटकन कसं सापडलं?"

खोटं सांगणं सोपं होतं. "रविवारीच सापडलं होतं," कल्पिता म्हणाली.

प्राप्तीने हातातली खुर्ची भिंतीला लावली. "फोन करायचात ना."

"करायला हवा होता."

"मग का नाही केलात?"

"तुझा गेम फसावा असं वाटलं मला."

 प्राप्तीने बॅग उचलली आणि ती एसटी गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच आली, 'ताई' म्हणाली, चहा घेतला. पण आजवर नवीन तुकडा केला की ती तो आधी कल्पिताला दाखवायला आणायची, ते तिने बंद केलं. कल्पिताला तो मुलांबरोबरच, ग्रुपवर दिसायचा. ती प्रत्येक तुकडा चालवून बघायची. बहुतेक वेळा त्यात एकही चूक नसायची, आणि तेही तिला सलायचं.