नैनितालला गेलेला टोप

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो, आणि सध्या उपडा पडलो आहे. त्यामुळे आवाज जरा घुमल्यासारखा येईल, तेवढं सांभाळून घ्या. विक्रोळीतल्या एका चाळीच्या जिन्याखाली, झाडू आणि मखराचे बांबू यांच्या संगतीत मी राहतो. अंग जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. पोटात एका वेळी चाळीस माणसांचा भात मावतो. ही बढाई नव्हे, चाळीतल्या कुणालाही विचारा.

माझा जन्म भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात झाला. सपाट पत्रा फिरवत, दाबत, ठोकत त्यांनी माझं पोट काढलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याशिवाय पत्र्याचं भांडं होत नाही. चाळीच्या मंडळाने मला विकत आणलं, काठावर टकटक करत मंडळाचं नाव घातलं आणि काशीराम परबांच्या हवाली केलं.

काशीराम म्हणजे कंपनीच्या कॅन्टीनमधले आचारी. वडील गिरणीत होते, पण ह्यांचा जीव चुलीपाशी. तीस वर्षं त्यांनी कामगारांना जेवू घातलं. चाळीत बारसं असो, सत्यनारायण असो, टोप म्हणजे मी आणि आचारी म्हणजे ते, हे ठरलेलंच. मालवणकडची माणसं, त्यामुळे काळ्या वाटाण्यांची उसळ ही त्यांची खासियत. पंगतीत लोक बोटं चाटत म्हणायचे, "काशीरामदादा, वाटाणा कसा लोण्यासारखा झालाय." काशीराम मिशीतल्या मिशीत हसायचे. मीही फुगायचो. भांड्याला फुगता येत नाही म्हणता? येतं, मित्रांनो. आतल्या आत येतं.

पण आमच्या दोघांच्या कौतुकात एक माणूस कायम राहून जायचं. ते म्हणजे काशीरामांची बायको, सुगंधा. वाटाणे भिजत घालायचे सुगंधाने, खोबरं खवायचं तिने, कांदे चिरायचे तिने आणि शेवटी मला राखेने घासायचं तेही तिनेच. काशीराम डाव घेऊन उभे राहायचे आणि शाबासकी घ्यायचे. हे मला तेव्हा कळलं का? छे, कुठलं कळतंय! मला घासताना तिचा हात दुखतो, एवढंच कळायचं.

मग दिवस पालटले. चाळीत केटररची माणसं यायला लागली, त्यांची चकचकीत स्टीलची भांडी आली, नि मला जिन्याखाली ढकललं. पोरं माझ्यात क्रिकेटचे बॉल ठेवू लागली. वाईट वाटलं. पण रडून सांगणार कुणाला?

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कुणीतरी मला बाहेर ओढलं. मंडळाची सहल निघाली होती, थेट नैनितालला. डोंगरात मोठं तळं आहे, त्यात होड्या फिरतात, थंडगार हवा. सव्वीस माणसं निघाली. आणि आमच्या लोकांची एक खोड आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. कुठंही जा, आधी पोटाची चिंता. "तिथे उत्तरेकडे आपलं जेवण मिळायचं नाही, हाल होतील," असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. मग तांदळाचं पोतं आलं, कोकमं आली, सुक्या कोलंबीचे सोडे आले, वाटाणे आले, आणि सगळ्यांच्या वर मी. हिमालय बघायला निघालेली माणसं अख्खं स्वयंपाकघर काखोटीला मारून निघाली.

सुगंधा मात्र तळ्यासाठी निघाली होती. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान, त्यात हिरवं पाणी आणि एक होडी. निघायच्या आदल्या दिवशी मला घासताना ती शेजारच्या द्रौपदीला सांगत होती, "अगं, लग्नाला अडतीस वर्षं झाली. गाव आणि विक्रोळी, विक्रोळी आणि गाव. पावसाळ्यानंतर गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, पुढचं कुणी पाहिलंय? एकदा त्या होडीत बसायचंय बघ." बोलता बोलता तिने मला इतकं घासलं की मी आरशासारखा झालो.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर आम्ही पोचलो. हॉटेलच्या मागच्या अंगणात मला शेगडीवर चढवलं. तळं हॉटेलच्या पुढच्या बाजूला होतं. लोकांचे आनंदाचे आवाज मला मागे ऐकू यायचे. पहिला दिवस सामान लावण्यात आणि भातात गेला. सगळे होडीत बसून आले. सुगंधा कांदे चिरत होती. संध्याकाळी तिने विचारलं, "आपण कधी जायचं?"

"उद्या," काशीराम म्हणाले. "उद्या उसळीचा बेत आहे. वाटाणे शिजले की जावया."

रात्रभर भिजलेले वाटाणे दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात पडले. पाणी खदखदून उकळलं. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. सुगंधा अधूनमधून एक वाटाणा काढून बोटांनी दाबायची. दगड. मी जीव तोडून उकळत होतो, मित्रांनो, पण वाटाणा काही हार मानेना. हॉटेलचा पहाडी आचारी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "भाईसाब, यहाँ ऊँचाई पर पानी जल्दी खौलता है, पर उतना गरम नहीं होता. कुकर के बिना नहीं गलेगा."

काशीरामांना राग आला. "तीस वर्षं कॅन्टीन चालवलंय मी," ते मराठीतच म्हणाले. "मला वाटाणे शिकवतो."

सूर्य कलला, होड्या बंद झाल्या. त्या रात्री सव्वीस जणांनी भातावर सोलकढी ओतून घेतली. सगळे काशीरामांची नजर चुकवत जेवले, आणि तेच त्यांना लागलं. मलाही लागलं. शिजवणं हे एकच काम मला येतं, आणि त्यातच मी नापास झालो होतो.

तिसरा दिवस शेवटचा. चौथ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. काशीराम पहाटेच उठले आणि उरलेले वाटाणे चढवले. "आज शिजवून दाखवतो," एवढंच म्हणाले. आता ही उसळ पोटासाठी नव्हती, इभ्रतीसाठी होती. सुगंधा नेहमीसारखी शेजारी बसली. दुपार टळली. द्रौपदी येऊन म्हणाली, "वहिनी, शेवटच्या होड्या सुटायला आल्यात, चला ना." सुगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. काशीरामांनी झाकण उचललं, डाव फिरवला आणि म्हणाले, "थोडा वेळ."

सुगंधाने एक वाटाणा काढला. दाबला. मग ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू, पण उठली. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मी तळ्यार जातंय."

"अगो, वाटाणे अजून शिजाक नाय."

"ते आज शिजूचे नाय, नि उद्या पण शिजूचे नाय. उद्या सकाळी आपली गाडी आसा. तळा हयच ऱ्हवतला. मी खय ऱ्हवतलंय?"

तिचा आवाज चढला नव्हता. काशीरामांचा डाव माझ्या पोटातच थांबला. अडतीस वर्षांत ती चुलीपासून पहिल्यांदा त्यांना न विचारता निघाली होती. चपला सरपटत गेल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगतो, मला वाटलं, जा गं बाई, पटकन जा.

काशीराम माझ्यापाशी एकटेच उभे राहिले. एक वाटाणा काढून त्यांनी स्वतः दाबून पाहिला. मग त्यांनी गॅस बंद केला, कुंपणाशी गेले आणि मान खाली घालून त्या पहाडी आचाऱ्याला म्हणाले, "भैया, कुकर मिलेगा क्या?" तो हसला नाही. दोन मोठे कुकर घेऊन आला आणि म्हणाला, "आप जाइए, मैं देख लूँगा." काशीराम निघाले ते जवळजवळ पळतच.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तळंच पाहिलेलं नाही मी. द्रौपदीने भांडी घासताना बायकांना सांगितलं, ते तुम्हाला सांगतो. काशीराम काठावर पोचले तेव्हा होडी तळ्याच्या मधोमध गेली होती. सुगंधा एकटीच बसलेली, हात पाण्यात सोडलेला. काशीरामांच्या हातात डाव तसाच होता. त्यांनी तो वर करून हाक मारली. तिने वळून पाहिलं, ओळखलं आणि नावाड्याला म्हणाली, "भैया, एक चक्कर और."

काशीराम काठावर थांबले. तो गार वारा, अंगात साधा सदरा, हातात डाव. सगळी फेरी पुरी होईपर्यंत थांबले. होडी टेकल्यावर त्यांनी हात पुढे केला. ती म्हणाली, "थांबाक लागला काय रे बाबा?" ते म्हणाले, "तू अडतीस वर्षां थांबलंस. माझी एक फेरी." आणि द्रौपदी सांगते की त्यांचे डोळे भरले होते. वाऱ्याने, असं ते म्हणतात.

त्या रात्री उसळ लोण्यासारखी झाली, पण शाबासकी घ्यायला काशीराम पंगतीत नव्हते. ते मागच्या अंगणात मला घासत होते. नीट घासता येत नव्हतं. कड तशीच राहिली, बुडाशी काळं राहिलं. आजही आहे. मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

मित्रांनो, मला जिन्याखालून काढा, धुवून पुसून ठेवा, असं मी म्हणेन अशी तुमची समजूत असेल. म्हणतो, पण ते नंतर. आधी तुमच्या घरात जा आणि चुलीपाशी बघा. तिथे कोण उभं आहे, त्या माणसाला काय बघायचं राहिलंय, ते विचारा. एकदा तरी विचारा. ती म्हणेल, "थांब, एवढं शिजू दे." तिचं ऐकू नका. गॅस बंद करा आणि तिला घेऊन जा. आणि जेवण कच्चं राहिलं, तर खुशाल सांगा की टोप जुना होता.