दारातली पोर

दर रविवारी दिवेलागणीला टीव्हीवर एक बाई जुन्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायच्या. सुरुवातीला 'मोठ्या मुलांसाठी' अशी पाटी यायची, आणि सातवीतली सृष्टी स्वतःला मोठीच समजायची. तरी आज गोष्ट सुरू व्हायच्या आधी तिनं पुणतांब्यातल्या आपल्या घराची कडी गुपचूप लावून टाकली होती.

आजच्या गोष्टीत नदीत बुडून मेलेली एक पोर ओल्या अंगानं दारोदार हाका मारत फिरत होती. सगळं गाव दारं लावून बसलं होतं. सृष्टीनं गोधडी नाकापर्यंत ओढली. शेजारी बसलेली तिची आत्या, आक्काबाई, मात्र टीव्हीवरच उखडली.

"लेकरू गारठलंय आन् एकालाबी दार उघडवंना? मुडदा बशिवला त्यांचा!"

"अगं आत्या, भूत हाय ती!"

"भूत झालं म्हणून थंडी वाजत न्हाई व्हय? आन् दिवेलागणीला कडी कुणी लावली गं?"

आत्यानं उठून दार सताड उघडलं. गोदावरीवरचं गार वारं आत आलं. सृष्टीनं बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि गोधडीचं एक टोक उचलून शेजारी एका पोरीपुरती जागा केली.